पेन आणि लेस यांच्यामधलं बोटभर अंतर

मामांचा दात हलायला लागून तीन आठवडे झाले होते, आणि ही गोष्ट जगात फक्त दोघांना ठाऊक आहे अशी मामांची ठाम समजूत होती. एक ते स्वतः आणि दुसरा तो दात.

मामींना ती पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. छत्तीस वर्षं एका टेबलावर जेवलेल्या बाईला नवरा कुठल्या बाजूने चावतोय हे सांगावं लागत नाही. सफरचंद अचानक किसून खाल्लं जाऊ लागलं, "आरोग्याला बरं" म्हणून. टोस्ट चहात इतका वेळ बुडायला लागला की शेवटी तो चमच्याने काढावा लागे. आणि ज्या माणसाने आयुष्यभर शेंगदाण्यांच्या डब्यावर पहारा दिला, तो म्हणायला लागला, "नको गं, या वयात जिभेवर ताबा हवा." मामी रोज संध्याकाळी खमंग भाजलेल्या शेंगदाण्यांची वाटी नेमकी त्यांच्या कोपराजवळ ठेवत राहिल्या.

मामा म्हणजे सगळ्या इमारतीचे मामा. शब्दकोशाच्या कचेरीत एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. तिथे त्यांचं काम एकच : शब्द धरायचा, त्याचं कूळ विचारायचं, तो कुठून आला, वाटेत कोणाकोणाकडे राहिला, अर्थ कुठे बदलला, सगळं पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठीवर उतरवायचं. इंग्रजी शब्दांचा विभाग त्यांच्याकडे होता. निवृत्तीबरोबर चिठ्ठ्या सुटल्या, सवय सुटली नाही. जिन्यात भेटलेल्या माणसाने "काय मामा, बरं आहे ना?" विचारलं, तर त्याला पुढची पंधरा मिनिटं 'बरं' या शब्दाचं कूळ ऐकावं लागे. त्यामुळे शहाणी माणसं नुसती मान हलवून पुढे जात.

दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या मुलीने दोन गल्ल्यांपलीकडे दातांचा दवाखाना काढला होता. पहिल्या दिवशी मामा गेले, पडद्यांच्या रंगाचं तोंडभर कौतुक केलं आणि पडद्याच्या पलीकडे पाऊल न टाकता परत आले. नंतर मामी जाऊन दोन दाढांत चांदी भरून आल्या. मामांना काही ना काही काम निघत राहिलं.

त्या दिवशी मामी म्हणाल्या, "पोरीने दारावर नवीन नाव रंगवून घेतलंय. इंग्रजीत आहे म्हणे. तुम्ही बघायला नको का? चूकबीक असली तर उगाच चारचौघांत हसं व्हायचं."

चूक हा शब्द ऐकल्यावर मामांचे पाय चपलेत आपोआप गेले. तिथे कोणता सापळा आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही, कारण सापळा लावणारीला शब्दांचं नसलं तरी नवऱ्याचं कूळ पाठ होतं.

दवाखान्याला काचेचं दोन पाखांचं, म्हणजे दोन झडपांचं, दार होतं. डावी पाख खिट्टी लावून कायमची बंद, उजवी येण्याजाण्यासाठी. दोन्ही पाखांवर मिळून, हातभर उंचीच्या निळ्या अक्षरांत एकच शब्द रंगवायचा, अशी कल्पना होती. पण मामा पोचले तेव्हा हवा यावी म्हणून उजवी पाख उघडी ठेवलेली. त्यामुळे रस्त्यावरून बंद पाखेवर ठळक इंग्रजी अक्षरांत एवढंच दिसत होतं : पेन.

मामा फुटपाथवर थांबले. दवाखाना दातांचा, आणि दारावर जाहीर केलेलं : वेदना.

"खरं बोलणारा दवाखाना दिसतोय," ते म्हणाले.

"अहो, पुढचं या उघड्या पाखेवर आहे," मामींनी पाख ओढून घेतली. आता दोन पाखांमधल्या पितळेच्या पट्टीच्या अलीकडे 'पेन', पलीकडे 'लेस', आणि मध्ये चांगलं बोटभर अंतर.

मामांचा चेहरा उजळला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. "हे तर आणखी वाईट! जोडून लिहिलं असतं तर 'वेदनेविना'. तोडून लिहिलंय म्हणजे 'वेदना कमी'. कमी म्हणजे किती कमी? कोणापेक्षा कमी? असल्या मोघम दवाखान्यात मी पाऊल ठेवणार नाही."

आवाज ऐकून भाची बाहेर आली. तोंडावरचा मास्क हनुवटीखाली, हातात मोजे. "मामा! आलास तू? चल आत, दाखव बघू कोणता हलतोय."

मामांनी मामींकडे पाहिलं. मामी समोरच्या झाडाकडे पाहत होत्या.

"कोण म्हणालं हलतोय? मी दारासाठी आलोय. आधी हे नीट कर. तोवर माझी अट कायम."

"नाचता येईना..." मामी झाडाला उद्देशून म्हणाल्या.

भाचीने पेंटरला फोन लावला. तो कोपऱ्यावरच कुठेतरी रंग देत होता, ब्रश खिशाला अडकवूनच आला. कानाच्या पाळीवर निळा ठिपका, बोलणं मोजकं. मामांनी त्याला जोडून आणि तोडून यातला फरक समजावला. त्याने शांतपणे ऐकलं.

"साहेब, पट्टी तुमची. दार तुमचं. पट्टीवर रंग धरत नाही."

"मग शब्द एकाच पाखेवर घ्या."

"अक्षरं बारीक होतील. रस्त्यावरून दिसणार नाहीत."

"अहो, पण अर्थ बदलतोय!"

"मला अक्षराच्या उंचीचं काम दिलंय साहेब. अर्थाचं नव्हतं." एवढं बोलून तो पायरीवर बसला.

शेजारच्या दुकानातून टेलरबाई हातातली कात्री न ठेवताच बाहेर आल्या. भिंतीला भिंत लागून दुकान, त्यामुळे दवाखान्यातलं प्रत्येक "आई गं" त्यांच्या शिलाईत शिवलं जाई. "काय झालं? मला तर वाटलं होतं डॉक्टरीणबाई लेस विकणार आहेत. लेस म्हणजे किनारीची लेस ना?"

"ती वेगळी!" मामांना जोर चढला. "ती तिसरीच. तिचं कूळ फासाचं आहे, दोरीच्या फासाचं. फास, मग नाडी, मग तुमची नक्षीची जाळी. हा लेस शेपटासारखा मागे लागणारा. बरं, मला सांगा, स्लीव्हलेस झगा शिवायला सांगितला तर तुम्ही बाही कमी करता की काढूनच टाकता?"

"काढूनच टाकते. कमी केली तर ती हाफ झाली."

"ऐकलंस?" मामा भाचीकडे वळले. "टेलरबाईंना कळतं! हाच खरा लेस. आणि कमी दाखवणारा लेस तो निराळा. लोकांना वाटतं एकाच आईची लेकरं. बिलकुल नाही. आवाज एक, अक्षरं एक, नातं शून्य. मी घरी जाऊन नीट टिपण काढतो, मग याला दुसरा चांगला शब्द देतो. घाई नको."

घाई नको हे शेवटचे दोन शब्द त्यांनी फार मनापासून उच्चारले आणि ते झपाझप चालू लागले. मामी मागून येत होत्या. "तुमची चाल आज तरण्यासारखी आहे," त्या म्हणाल्या. "नुसतं दार बघून एवढा फरक पडला?"

घरी मामांनी खरोखरच टिपण काढायला घेतलं. खोट्या कामाला खरी मेहनत लावण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आणि या शब्दावर त्यांचा जुना जीवही होता. कचेरीतल्या पहिल्याच वर्षी त्यांच्या हाती आलेली ही जोडी. तेव्हा त्यांनी बिनधास्त लिहून टाकलं होतं की शेपटाचा लेस हा कमी या अर्थाच्या लेसचाच मुलगा. कमी होत होत वस्तू संपली की उरतो तो लेस. किती छान, किती तर्कशुद्ध! मुख्य संपादकांनी चिठ्ठी वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आपल्या नव्या गड्याने दोन शेजाऱ्यांना बापलेक केलंय. आता दोन्ही घरांतल्या बायका काय म्हणतील?" सगळी खोली खो खो हसली. मामांचे कान तापले, आणि पुढचे आठ दिवस त्यांनी जुनी पुस्तकं उलटीपालटी करून खरं कूळ शोधून काढलं.

कमी दाखवणारा लेस हा 'लीस्ट'चा भाऊ, लहान असण्याच्या घराण्यातला. 'अनलेस'मधला लेस याच घरचा. शेपटाचा लेस मात्र 'लूज'चा चुलत भाऊ. सुटलेला, मोकळा, वेगळा झालेला. 'लॉस' म्हणजे तोटा आणि 'लूझ' म्हणजे गमावणं, हीही त्याच घरची माणसं. म्हणजे पेनलेस म्हणजे वेदनेपासून सुटलेला, सीडलेस द्राक्ष म्हणजे बियांपासून मोकळं झालेलं. आणि गंमत म्हणजे हाच शब्द फार जुन्या काळी एकटा असताना 'लबाड' या अर्थानेही वापरत. बांधलेला नाही, मोकाट आहे, मग भरवसा काय? त्या आठ दिवसांनंतर मामांनी कुठल्याही शब्दाचं नातं त्याच्या तोंडावरून ठरवलं नाही.

चार दिवस टिपण लांबत गेलं, अकरा पानं झाली. पाचव्या दिवशी सकाळी मामा उठले तर डावा गाल टम्म सुजलेला.

"टिपण झालं का?" मामींनी चहा ठेवत विचारलं.

"झालंय जवळजवळ. फक्त पेनलेशचा..." मामा थांबले. पुन्हा म्हणाले, "पेनलेश." सुजलेल्या गालामुळे स काही केल्या स होत नव्हता.

"लेश?" मामींना हसू आवरेना. "बरोबर आहे की. वेदनेचा लेश. आपला घरचा शब्द आहे, सोपा, कोणाला समजावायला नको. हाच देऊ या पेंटरला."

"तो शंबंधच नाही!" मामा कळवळून म्हणाले, आणि कळवळणं शब्दापेक्षा गालाचं जास्त होतं. मामींनी हसू थांबवलं. त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग त्यांच्या चपला सरळ करून दारापाशी ठेवल्या.

दवाखान्यात दुसरं कोणी नव्हतं. मामा खुर्चीत बसले, म्हणजे बसवले गेले. दिवा डोळ्यांवर आला. भाचीने आरसा फिरवला, छोटासा एक्स-रे काढला आणि पडद्यावर दाखवला. दाताखाली काळसर सावली होती.

"हाड सोडलंय याने, मामा. काढावाच लागेल. पण आज नाही. सूज आहे, तीन दिवस गोळ्या घे. मग काढू."

मामांना जन्मठेप माफ झाल्यासारखं वाटलं. ते लगेच खिशातली अकरा पानं काढायला लागले. एव्हाना त आणि द सुद्धा बिघडले होते. "टर झालं काय, की हा लेश..."

"मामा, थांब जरा." भाची फिरत्या स्टुलावर बसली. मोजे काढून तिने मांडीवर ठेवले. "एक विचारू? तुला माझी भीती वाटते की दाताची?"

मामांनी पानांची पुन्हा घडी घातली.

"नाही, मला कळायला हवं म्हणून विचारतेय," ती म्हणाली. तिचा आवाज डॉक्टरचा राहिला नव्हता. लहानपणी यांच्याच मांडीवर बसून पेन्सिलीची टोकं मोडणाऱ्या पोरीचा झाला होता. "दोन महिन्यांत एकोणीस पेशंट आले. लोक विचारतात, तुमचे मामा इथेच राहतात ना, ते कुठे दाखवतात? टेलरबाईंना पण विचारतात. मी म्हणते, त्यांचे दात चांगले आहेत. खोटं बोलते. मला माहितीय तू एका बाजूने खातोस. मामी सांगते. आणि खरं सांगू? मलाच धाकधूक होते. दुसऱ्याचा दात काढताना हात हलत नाही. तुझा म्हटलं की रात्री झोप येत नाही. तो शब्द मी त्यासाठीच दारावर घातला. लोकांसाठी नाही. तू वाचशील, येशील, म्हणून. शब्द बघितल्यावर तू येणारच, असं वाटलं."

आपण ज्याला तपासणी म्हणत होतो ती पळवाट होती, आणि त्या वाटेवर ही पोर दोन महिने उभी होती, एवढं मामांना समजलं. गाल दुखत होताच. आता कुठेतरी आणखी आत दुखलं.

"डाटाची," ते अखेर म्हणाले. "टुझी नाही. लहानपणी एक काढला होटा. चार जणांनी धरलं होटं मला."

भाची मोठ्याने हसली. "मी एकटीच आहे. मला धरायला कोणी नाही."

"मी आहे की," पडद्यामागून मामी म्हणाल्या.

तीन दिवसांनी सूज ओसरली आणि मामा स्वतःच्या पायांनी गेले. वाटेत त्यांनी मामींना दोनदा विचारलं की गॅस बंद केलाय ना. दोन्ही वेळा मामी म्हणाल्या, "केलाय," आणि त्यांचा कोपर धरून चालत राहिल्या.

सुई टोचली तेव्हा मामांनी खुर्चीचे हात असे धरले की नखं पांढरी पडली. मग ओठ जाड झाला, जीभ परकी झाली. भाची प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगत होती. आता दाब येईल. आता कर्रर्र असा आवाज येईल, तो दुखण्याचा नाही. मामा डोळे मिटून मनात एकेक शब्द मोजू लागले : वायरलेस, स्टेनलेस, कॅशलेस, होमलेस... एका ठिकाणी कळ आली, छोटी पण खरीखुरी, आणि ते होमलेसवर अडकले. भाचीचा हात लगेच थांबला. "थोडं औषध अजून देते." पुन्हा सुई, पुन्हा थांबणं. तिचा हात हलत नव्हता. मामांनी एक डोळा किलकिला करून खात्री करून घेतली.

"झालं," ती म्हणाली.

"काय झालं?"

तिने छोट्या स्टीलच्या वाटीत तो दात दाखवला. मामांना तो ओळखीचा वाटला नाही. एवढासा?

"आता खरं सांग. दुखलं?"

तोंडात कापसाचा बोळा, पण प्रश्न अचूक शब्दाचा होता, आणि अशा प्रश्नाला मामा मोघम उत्तर देऊ शकत नव्हते. त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये अगदी चिमूटभर जागा ठेवून बोटं वर केली. भाचीने मान हलवली, जणू परीक्षकाने गुण दिलेत आणि ते तिला मान्य आहेत. मग तिने मास्क खाली केला आणि पालथ्या मनगटाने डोळे पुसले. मामी म्हणाल्या, "चला, आता तास दीड तास तोंड बंद. डॉक्टरांचा हुकूम आहे." आणि त्या दीड तासात मामींनी आपल्या छत्तीस वर्षांच्या संसारातल्या राहून गेलेल्या बऱ्याच गोष्टी सावकाश, न अडता, एकामागून एक सांगून घेतल्या.

आठवड्याने भाचीनेच पेंटरला बोलावलं आणि दारावरचा शब्द पुसून टाकायला सांगितला. "ज्याच्यासाठी लिहिला होता तो वाचून गेला," ती म्हणाली. पेंटर ब्लेडने निळा रंग खरवडता खरवडता म्हणाला, "काढणं सोपं. यात अर्थ विचारावा लागत नाही." आता भिंतीवर 'दातांचा दवाखाना' एवढंच होतं, खाली वेळा. मामांच्या अकरा पानांना गिऱ्हाईक उरलं नाही. त्यांनी ती टेलरबाईंना वाचून दाखवायचा प्रयत्न केला. त्या मशीन चालू ठेवून ऐकत होत्या, आणि तिसऱ्या पानाला त्यांनी मशीनचा वेग वाढवला.

पण मामांना आता दवाखान्याची चटक लागली होती. सकाळी फिरून आले की पडद्याबाहेरच्या बाकावर बसत. घाबरलेल्या पेशंटला ओळखायला त्यांना वेळ लागत नसे. तो भिंतीवरचं एकच कॅलेंडर पुन्हा पुन्हा वाचत असे. मामा त्याच्या शेजारी सरकत. आपला दात कसा गेला, किती सोपं होतं, हे सांगत. ते ऐकून पेशंटला धीर येई. तिथे थांबले असते तर बरं होतं. पण मग ते म्हणत, "आता हा दात शब्द बघा..."

एके दिवशी सुतारकाम करणारा एक धिप्पाड माणूस आला. गालाला रुमाल बांधलेला, डोळ्यांत पाणी. भाचीने दोनदा बोलावलं, दोनदा तो "जरा थांबतो" म्हणाला. मामांनी त्याला गाठलं. दातापासून सुरुवात झाली, दाढेवर आली, दाढेवरून दाढीकडे वळणार की नाही यावर मामा स्वतःच दोन मतं मांडू लागले. सुतार आधी मान डोलावत होता. मग त्याने घड्याळ पाहिलं. मग दार पाहिलं. शेवटी तो उठला, रुमाल सोडला आणि पडदा बाजूला करून आत शिरला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "घ्या काढून. दोन असतील तर दोन काढा. बाहेर नका पाठवू."

त्या दिवसापासून भाचीने बाकावर मामांसाठी एक उशी आणून ठेवली.